निम्म्या कॅलरी

फोन वाजला तेव्हा राबिया सायकलवरच होती. ती घाईनं उतरली, ओढणीनं तोंड पुसलं आणि श्वास जरा खाली बसू दिला. पोराला धाप ऐकू जाऊन चालणार नव्हतं.

अफताबचा फोन रियाधहून दर शुक्रवारी यायचा, तोही नेमका जुम्म्याच्या नमाजाच्या वेळेला. दौंडातली पुरुषमाणसं तेव्हा मशिदीत. त्यामुळं 'अब्बांना फोन दे' असं तो कधी म्हणत नसे, आणि राबिया मनातल्या मनात अल्लाचे आभार मानायची.

ही व्यायामाची सायकल त्यानंच पाठवलेली. त्याच्या अब्बांचं, मेहमूदमियाँचं, पुण्यात बायपासचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितला, आणि पंधरा दिवसांत सायकल दारात हजर. मेहमूदमियाँ रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. "जन्मभर गाडीबरोबर हिंडलो, आन् आता एका जागी बसून पायडल मारू व्हय?" असं कुरकुरत ते आठवडाभर सायकलवर बसले. मग त्यांनी तिच्यावर पंचा वाळत घालायला सुरुवात केली. तो पंचा अजून हँडलवरच होता. राबियानं तो धुतला नव्हता.

अफताबला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पोरगं हळवं. कळलं असतं तर हातातलं काम टाकून निघालं असतं, साहेबाशी भांडून करार मोडला असता, आणि परत जायची वाट कायमची बंद. पुढचं दार दिराचं. त्या मुजीबलाही तिनं शपथ घातली होती.

राहता राहिल्या कॅलरी. अब्बांनी किती जाळल्या, तो सायकलवरचा आकडा अफताब दर शुक्रवारी विचारायचा. त्या ती स्वतःच जाळायची.

अफताब तिकडं एका हॉटेलात हीच यंत्रं दुरुस्त करायचा. एकदा तो हसून म्हणाला होता, "अम्मी, त्या आकड्यावर लई भरवसा ठेवू नको. ते नुस्तं चाक मोजतंय. वर कोण बसलंय, जाड का बारीक, त्याला काय कळतंय? फुगवून सांगतंय. मी आपला निम्म्याच धरतो."

निम्म्याच धरतो म्हटल्यावर राबिया दुप्पट पायडल मारू लागली. सकाळी तिला उठावंसं वाटत नसे. भिंतीकडं तोंड करून पडून राहावं, एवढंच वाटे. पण शुक्रवार जवळ आलेला असायचा आणि पोराला आकडा द्यायचा असायचा. घर खायला उठे. पायडल मारता मारता तिला रडू फुटे, आणि घामात ते खपूनही जाई. एक मात्र होतं, दुपारी आता भूक लागायची.

या आठवड्यात गुडघा सुजला होता. दोन दिवस ती सायकलवर चढूच शकली नाही. फोन उचलून तिनं भीतभीतच आकडा सांगितला आणि वर कमी झाल्याबद्दल माफी मागितली. अफताब नेहमीसारखा हसला नाही. जेवलीस का, विचारलं. मग म्हणाला, सुट्टी मंजूर झालीय. पुढच्या शुक्रवारी घरी.

राबियानं हँडलवरच्या पंच्याकडं पाहिलं. ज्याच्यासाठी जीव टाकत होती तो पोरगा येतोय. दारातून आत आल्यावर त्याला काय सांगायचं? त्यापेक्षा आत्ताच बोलावं. पण सगळं एकदम तोंडातून निघेना. तिनं सोप्या टोकाकडून सुरुवात केली.

"अफताब, रागावू नको. त्या कॅलरी अब्बांच्या न्हाईत. सायकलवर मीच बसते."

राबिया रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून पुढचे शब्द जुळवत होती.

"ठाऊक हाय, अम्मी," अफताब म्हणाला. "तू बिछान्यातनं उठावं म्हणून तर दर जुम्म्याला विचारत होतो. अब्बांचा जनाजा निघायच्या आधीच मुजीबचाचांचा फोन आला होता मला."