पाठीचा बाक

"वाक. अजून वाक, हात लोंबू दे."

नऊ वर्षांची मनकर्णा कमरेतून वाकली. निर्मलाने लेकीच्या पाठीवरून बोटं फिरवली. रोज हाताला लागणारा उंचवटा आज नीट सापडेना. कुठे सरकला? की दुसरीकडेच वाढू लागला?

"काय रोज बघू राह्यली तिच्या पाठीला?" सासूबाई, धुरपदाबाई, ओट्यावरून म्हणाल्या. "केळीचा घड आहे का तो?"

वर्षापूर्वी मनकर्णाचं मानेमागे ऑपरेशन झालं होतं. मेंदूचा खालचा भाग मानेत उतरला होता, त्यामुळे मणक्यात पाणी साठून पाठ वाकली होती, हात बधिर झाले होते. "आता जागा मोकळी केली आहे. बाक थांबेलही, वाढेलही," डॉक्टर म्हणाले होते. "पंचेचाळीस अंशांच्या वर गेला तर पाठीत सळया घालाव्या लागतील." तेव्हा बत्तीस होता.

त्याच दिवशी निर्मलाने नवस केला. पाठ सरळ होईपर्यंत रोज सकाळी तळहातावर कापूर पेटवून इच्छादेवीची आरती करायची. सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं. हल्ली काहीच होत नव्हतं. देवीने सेवा मान्य केली, एवढाच तिला आधार होता.

इंदूरचे डॉक्टर महिन्यातून एकदा बुरहानपूरला येत. दापोऱ्याहून मायलेकी सकाळीच आल्या, नंबर लावून बसल्या.

"मम्मी, सळया घातल्या तर मी झोका खेळू शकते का?"

"देवीचं नाव घे."

"तूच घे ना. तुझं ती जल्दी ऐकते."

आत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "चोवीस."

निर्मला पुढे सरकली. "म्हणजे?"

"म्हणजे कमी झाला, ताई. आठ अंश."

तिला रडू फुटलं. डॉक्टरांनी मनकर्णाला डोळे मिटायला लावले आणि तिच्या हातांना टाचणी टोचली.

"टोचलं. टोचलं. अरे बस ना, डॉक्टरकाका!"

वर्षापूर्वी याच टाचणीला ती गप्प बसून राहिली होती, तेव्हाच दुखण्याचा पत्ता लागला होता.

एक्स-रे घ्यायला निर्मलाने प्रसादाला करावेत तसे दोन्ही हात पुढे केले. डॉक्टर त्या हातांकडे बघतच राहिले.

"हे फोड कसले?"

"नवसाचे." ती संकोचली. "दुखत नाहीत."

"बसा. आता तुम्ही डोळे मिटा."

पोरीला हसवायला गंमत करतायत, असं तिला वाटलं. तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि हात टेबलावर ठेवला. मनात देवीचं नाव चालू होतं. बराच वेळ गेला.

"टोचा ना, डॉक्टरसाहेब," ती हसत म्हणाली.

"मम्मी..." मनकर्णाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तीनदा टोचलं त्यांनी."