काकांची जिलबी

"हिला जमेल का गं वाढायला?" मिठाचं भांडं घेऊन पुढ्यात आलेल्या शाल्मलीकडे न बघताच दामूकाकांनी तिच्या आईला विचारलं. "डाऊन सिंड्रोम ना हिला? मुंजीच्या पंगतीत गोंधळ व्हायचा."

"तिलाच विचारा की, काका."

"तिला काय विचारायचं!"

शाल्मलीनं चाळीस पानांवर मीठ, लिंबू, चटणी सगळं जागच्या जागी वाढलं. भातावर तूप पडण्याआधीच जेवायला लागलेल्या काकांना तिनं डोळे वटारून थांबवलंसुद्धा.

जिलबी आली. काकांच्या तोंडाला पाणी सुटलं. शाल्मलीनं त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता शेजारच्या काकूंना विचारलं, "यांना जिलबी चालते का हो? नीट खाता येते ना?"

पंगतीत हशा पिकला. काका ओशाळले. "शाल्मली," ते तिच्याकडे बघत म्हणाले, "मला दोन वाढतेस का?"

"आता कसं, मलाच विचारलंत!" म्हणत तिनं चार वाढल्या.