‘अहो’ हरवले आहेत

"मी हरवलोय," काका म्हणाले. "पण घोषणा मात्र करू नका."

माईकवाल्या मुलीनं वही उघडली. आनंदमेळ्यात हरवलेल्यांसाठी दोन खोल्या होत्या, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. पुढची तिच्याकडे होती. सकाळपासून चार मुलं, एक छत्री आणि एक कवळी एवढं जमा झालं होतं. साठी उलटलेला धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी जमा व्हायला पहिल्यांदाच आला होता.

"कुठून हरवलात?"

"आकाशपाळण्याच्या रांगेजवळून. घरचे अकरा जण आहेत. सुट्टी लागल्यापासून ही सातवी सहल. प्राणिसंग्रहालय दोनदा झालं, माकडं आता ओळखीनं मान हलवतात. पोरंबाळं रांगेत आणि आम्ही दोघं बाकावर, पिशव्या राखायला. बायकोला म्हटलं, पाणी आणतो, आणि तडक इकडे आलो." काकांनी पंख्याखालची खुर्ची ओढली. "तासभर हरवू दे गं पोरी. पुण्य लागेल तुला."

"फोन?"

"बंद. मीच केलाय."

हरवलेला माणूस पंधरा मिनिटांहून जास्त नुसता ठेवून घ्यायचा नाही, असा नियम होता. मुलीनं भिंतीवरचा नियम दाखवला. काकांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. शेवटी अर्ध्या तासावर तडजोड झाली.

अर्ध्या तासानं मुलीनं त्यांना हलवून उठवलं. "नाव सांगा."

"खरं नाव नको. व्याही आलेत मेळ्यात, इज्जतीचा प्रश्न आहे."

"मग घरी काय म्हणतात?"

"बायको अहो म्हणते."

मैदानभर कर्णे खरखरले. "‘अहो’ या नावानं ओळखले जाणारे, निळा सदरा घातलेले गृहस्थ पुढच्या दाराशी सुखरूप आहेत. घरच्यांनी येऊन घेऊन जावं."

तीन बायका आल्या. पहिली दारातूनच म्हणाली, "हे नव्हेत." दुसरी म्हणाली, "आमचे जरा बरे आहेत." तिसरीनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "घोरतात का?" मुलीनं होकारार्थी मान डोलावली. तिसरी निघून गेली.

काकांचं स्वतःचं कुणीच आलं नाही.

आता काकांची झोप उडाली. त्यांनी पाठ वळवून गुपचूप फोन चालू केला. एकच मेसेज होता, रिचार्ज संपत आल्याचा.

"पुन्हा कर बरं घोषणा," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला तर तासभर हरवायचं होतं."

"हरवायचं होतंच. पण शोधायला नको का कुणी?"

या वेळी मजकूर त्यांनी स्वतः सांगितला. भारदस्त, गहूवर्णी, हसतमुख. मुलीनं एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसतमुख गाळलं.

पाच मिनिटं गेली. छत्रीचे मालक आले. मग कवळीचे मालक आले. आनंदानं हसले, कवळी बसवली आणि पुन्हा एकदा नीट हसले. चौथ्या मुलालाही त्याची आत्या घेऊन गेली. खोलीत आता सामान म्हणून फक्त काका उरले.

"अडतीस वर्षांचा संसार," काका छत्रीच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले. "लोक छत्री शोधायला येतात."

त्यांनी नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. मुलीलाही जरा कसंतरी झालं. तिनं तिसऱ्या घोषणेसाठी माईक ओढला, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मागच्या दाराच्या खोलीतून होता. तिनं ऐकलं. मग फोनवर हात ठेवला.

"काका, तिकडे एक काकू बसल्यात. सात पिशव्या आहेत बरोबर. तासभर झाला येऊन. म्हणतात, मी हरवलेय, पण घोषणा करू नका."

काका ताडकन उभे राहिले. "माझी घोषणा ऐकली का तिनं?"

मुलीनं फोनवर विचारलं.

"दोन्ही ऐकल्या म्हणे."

"मग? काही निरोप?"

मुलीनं पुन्हा फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि घोषणेच्याच आवाजात निरोप सांगितला.

"अहो, सापडायची एवढी घाई कशाला? आणि याल तेव्हा ते पाणी तेवढं घेऊन या."