शेवग्याचा पाला

"तात्या, गावात कोंबड्यांना मर लागलीय आणि तुमच्या या नव्या, तरण्या तलंगांतल्या चार पिसं फुगवून बसल्यात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जाळीपलीकडे बोट दाखवलं. "लस सगळ्यांना एकच, खाद्य एकाच पोत्यातलं. मग त्या म्हाताऱ्या कोंबड्यांत एवढी रग कुठली?"

"त्या हिने वाढवलेल्या. या तलंगा ती गेल्यावर आणल्या."

त्याची बायको तानूबाई रोज सकाळी खाद्यात शेवग्याचा पाला आणि ठेचलेला लसूण कालवायची. तात्या चिडवायचा, "कोंबड्या पाळतेस की बाळंतिणी?" ती म्हणायची, "अंगात ताकद असली की दुखणं दारातनं परत जातं." ती गेली आणि तात्याने तो उद्योग बंद केला.

हे सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. "बाई बरोबर होत्या. लशीला अंगाची साथ लागते. आजारी चार वेगळ्या काढा, बाकीच्यांना आजपासून पाला सुरू करा, तग धरतील. बाई किती घालायच्या?"

"टोपल्याला एक मूठ."

डॉक्टर गेल्यावर तात्याने पाला ओरबाडला. मूठ भरली आणि तो थांबला. तिची मूठ लहान होती. बत्तीस वर्षं तो हात त्याच्या हातात होता. त्याने थोडा थोडा पाला खाली सोडला आणि मूठ तेवढी झाल्यावर मुठीत उरलेला खाद्यात कालवला.

टोपलं तलंगांपुढे सरकवत तो म्हणाला, "खा गं, बाळंतिणींनो."