झेंडूच्या हाराखालची पायरी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाने बांबूची शिडी भिंतीला लावली. खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार चौथ्या पायरीवर तसाच होता. रंगकाम करणाऱ्या हौसाने तो बाजूला सारला. खाली तडकलेली पायरी, सुतळीने आवळलेली. गेल्या वर्षी तिचा नवरा याच पायरीवरून पडला. आता त्याच्या काखेत कुबडी, आणि त्याच्या जागी कामाला ती.

“पूजा झालीय, काही होत नाही. चढ,” मुकादम म्हणाला.

“पूजा गेल्या वर्षीही झाली होती.”

“मग घरी बस. मला दुसरं माणूस मिळेल.”

हौसाने शिडी आडवी केली. शेजारी सुताराची करवत होती. तिलाही हळदकुंकू वाहिलेलं. मुकादम “अगं, अगं” करेपर्यंत तिने शिडीचे दोन्ही बांबू मधोमध कापले.

“दुसरं माणूस बघा खुशाल,” हाताचा भुसा झटकत ती म्हणाली. “पण आधी दुसरी शिडी बघा.”