अर्धी बी

हंबीररावांनी बी दाढेखाली धरली, कटकन अर्धी तोडली आणि तोंड असं काही केलं की मनुबाईला हसू आलं.

"कडू हाय. घे," ते म्हणाले आणि उरलेली अर्धी त्यांनी बायकोच्या तळहातावर ठेवली.

जर्दाळूच्या बिया त्या. थेट लेहहून आलेल्या. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. तिकडच्या एका जुन्या सोबत्यानं पोतंभर पाठवल्या होत्या. मनुबाईच्या छातीत गाठ निघाली, मिरजेला केमो सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात हंबीररावांनी मोबाइलवर कुणा बाबाचं भाषण ऐकलं. कडू बी खा, कॅन्सर पळतो. गोड बीचा उपयोग नाही, कडूच पाहिजे. झालं. सीमेवर कधी न डगमगलेला माणूस बायकोच्या दुखण्यापुढं पार हबकला होता, आणि हबकलेल्या माणसाला काहीही पटतं.

आता कडू कुठली नि गोड कुठली, हे वरून कळेना. पोत्यात दोन्हींची सरमिसळ. मग रोज सकाळी सोप्यात बसून वरवंट्यानं टरफल फोडायचं आणि आतली बी अर्धी चावून बघायची. गोड निघाली की खिडकीत, खारींना. कडू निघाली की मनुबाईला.

"लोकं बायकूला ग्वाड निवडून देत्यात," ती म्हणायची. "तुमी कडू निवडताय."

"ग्वाड खायला जलम पडलाय. आदी बरी हो."

"आवं, पर नुसती चाखून थुका की. गिळताय कशाला?"

"तू कडू खायची आन् मी थुकू व्हय?"

पण मनुबाई ती खातच नव्हती.

पहिल्या दिवशी खाल्ली होती तिनं, अगदी मनापासून. पण केमोनं आधीच पोटात पाणी ठरत नव्हतं, त्यात ही कडूजहर बी. दुसऱ्या दिवसापासून ती बी गालात धरायची, पाणी प्यायच्या निमित्तानं आत माठापाशी जायची आणि तिथं पदराच्या शेवात थुंकून बांधून टाकायची. उकिरड्यावर टाकावी तर कोंबड्या उकरून पुन्हा अंगणात आणणार. चुलीत टाकायला हात धजेना, बीवर त्यांचे दात उमटलेले असायचे. शेवटी पापडाच्या डब्यामागं एक रिकामा डबा होता, त्यात ती साठवत गेली. लाज वाटायची तिला. जो माणूस आपल्यासाठी रोज तोंड कडू करतो, त्यालाच आपण फसवतोय, हे मनातून जात नव्हतं.

परवा मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ निम्म्यानं उतरलीय, औषध चांगलं लागू पडलंय. हंबीरराव दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि लोकांदेखत रडले. लग्न झाल्यापासून मनुबाईनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"बियांनी किली गं ही करामत, मनू," ते म्हणाले. "आपल्या बियांनी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठावर आलेही होते. पण गेला महिनाभर या माणसाचं डोकं ठणकत होतं. सकाळच्या वेळी बसल्या जागी घेरी यायची, अन्नावर वासना नव्हती. आपल्या काळजीनंच वाळलेत, असं ती धरून चालली होती. आत्ता कुठं त्यांच्या तोंडावर कळा आली होती. ती कशी पुसायची?

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्या बियांनीच."

एवढं एकच वाक्य. त्यानंच घात केला.

आज सकाळी हंबीररावांनी दुप्पट बिया काढल्या. "आता त्या गाठीला सोडायची न्हाई," म्हणत फोडत सुटले. एक चावली, दिली. दुसरी चावली, दिली. मनुबाई माठापाशी खेपा घालून दमली. शेवटच्या खेपेला बाहेर आली तर हंबीरराव भिंतीला टेकून तोंड वासून श्वास ओढत होते. वरवंटा मांडीवरून घरंगळला होता. शेजारच्या उदयसिंहनं जीप काढली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर ज्ञानदा पडद्याआडून घाईनं बाहेर आली. "मावशी, सकाळपासून काय खाल्लंय त्यांनी?"

"च्या पिला. आन् बिया. पर बिया माझ्या हुत्या, जर्दाळूच्या. ते आपलं चाखायचे, कडू हायत का बघायला."

"कडू जर्दाळूच्या?" डॉक्टरचा चेहरा उतरला. "अहो, त्या चावल्या की पोटात सायनाईड तयार होतं, विष. चाखून थुंकत होते ना?"

मनुबाईनं पदराचा शेव सोडला. आजच्या सगळ्या बिया टेबलावर पडल्या, चांगल्या ओंजळभर. त्यांत एकही अख्खी नव्हती. प्रत्येक बी अर्धी, आणि प्रत्येकीच्या कडेला तीच दातांची खूण. डॉक्टरनं त्या ढिगाकडं पाहिलं, मग मनुबाईकडं.

तेवढ्यात पडदा सरकवून सिस्टर बाहेर आली. डॉक्टरकडं बघून तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"न्हाई," मनुबाई म्हणाली. "थुकत हुते ती मी."