मागच्या दाराशी

स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात पोरं अजून जुनी रीत पाळतात. तोंडी परीक्षेत पास झालेल्यानं पुढच्या दारानं मिरवत जायचं, नापासानं मागच्या दारानं गुपचूप सटकायचं. मोरोक्कोहून शिकायला आलेला झुहैर नापास झाला. कोणी बघू नये म्हणून त्यानं मागचं दार हळूच उघडलं, तर समोर घरमालकीण डोन्या बासिलिसा डबा घेऊन उभी.

"म्हणजे मी नापास होणार याची तुम्हाला खात्रीच होती!"

"कसली खात्री, मेल्या? पुढच्या दाराशी मिठ्या मारायला गर्दी असतेच. म्हणून वीस वर्षं माझ्याकडच्या प्रत्येक पोराच्या परीक्षेला मी इथं उभी राहते. सगळे मेले पास झाले, बटाट्याचं ऑम्लेट दरवेळी मी एकटीनं खाल्लं." तिनं डबा उघडला. "आलं बाई एकदाचं कुणीतरी!"